अनुसयाबाईची जागा

घरचा हातमाग बंद पडला त्या साली अनुसयाबाई गिरणीच्या फाटकासमोर भाजी घेऊन बसली, त्याला आता वीस वर्षं झाली होती. आज कार्पोरेशनचा कारकून फुटपाथवरच्या जागा लिहून घ्यायला येणार होता. वहीत नाव चढेल त्यालाच पुढं बसता येणार. जुना माणूस समोर दिसला तरच जागा मिळते, असं शेजारची गोदूबाई आठवडाभर सांगत होती. म्हणून तापानं फणफणलेल्या मायला शामलानं हातगाडीवर, मेथीच्या जुड्यांशेजारी निजवून आणलं आणि भिंतीला टेकवून बसवलं.

दहाच्या सुमारास तिनं मायला पाणी पाजलं. ते ओठांच्या कडेनं परत आलं. शामलानं नाकाशी बोट धरून पाहिलं. मग पदर मायच्या कपाळाखाली ओढला, कुशीला रिकामी टोपली लावली आणि मेथीवर पाणी शिंपडायला घेतलं.

गोदूबाई बघत होती.

"माय झोपली काय वं?"

"हो."

"झोपू दे. थकली असन," म्हणून गोदूबाई वांगी पुसू लागली.

कारकून आला तेव्हा ऊन डोक्यावर होतं. मायलेकींकडे बघून त्यानं विचारलं, नाव कोणाचं लिहू, एका जागेला एकच नाव. शामलाचं उत्तर कधीचं पाठ होतं.

"मायचं. अनुसयाबाई. वीस वर्षं झाली तिले इथं."

तिला ऐकू येत नाही, असं सांगून तिनं स्वतःच मायचा अंगठा शाईवर दाबला. वहीवर टेकवताना कारकुनाचा हात लागला.

"हात थंडगार आहे हो बाईचा."

"भाजीवालीचे हात थंडेच रायतात, साहेब. दिवसभर पाण्यात."

तो हसून पुढं सरकला. गोदूबाईनं स्वतःचं नाव दिलं नाही, सुनेचं दिलं. तो लांब गेल्यावर ती शामलाकडे झुकली.

"तुयं नाव काहून नाही सांगितलं वं? नाववाली गेली का जागा सुटते."

"तूच म्हणे, जुना मानूस पायजे."

"जुना म्हणलं होतं. मेलेला नाही."

एवढं बोलून तिनं आपली टोपली वीतभर अलीकडे सरकवली. शामलानं जुड्या आपल्याकडे ओढून घेतल्या. भांडली असती तर लोक जमले असते.

तीनचा भोंगा झाला, पाळी सुटली. एका बाईनं मेथीची जुडी उचलली आणि भाव पाडायला सुरुवात केली. शामला हटेना, तशी ती म्हातारीकडे वळली.

"मावशी, तुम्ही तरी सांगा न पोरीले."

मायच्या अंगठ्यावरची शाई वाळून गेली होती. शामलानं जुडी बाईच्या पिशवीत टाकली.

"न्या तुमच्याच भावानं," ती म्हणाली. "माय नाही म्हणत नाही."