स्क्रूचा पाव फेरा

थोरलीने ती चेनसॉ विकत घेतली तेव्हा दुकानदार खोक्यावर थाप मारून म्हणाला होता, "डोळे झाकून घेऊन जा." तिने डोळे झाकूनच घेतली असणार. घरी आणून खोकं उघडलं तर साखळीचे दात इतके बोथट की बोट फिरवलं तरी ओरखडा उठेना, नटबोल्ट नुसत्या हाताने फिरताहेत, आणि खोक्यावरच्या चित्रात मात्र एक हसरा माणूस कमरेएवढा ओंडका लोण्यासारखा कापतोय. त्या माणसाला मला एकदा भेटायचंय, असं ती पुढे कित्येक दिवस म्हणत होती.

महागातली करवत परवडणारी नव्हती, आणि हाताशी आलेलं काम सोडवत नव्हतं. खोक्यांचा कारखाना बंद पडल्यापासून ती रोज दुपारी एका हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होती. एके दिवशी वसाहतीच्या बागांचा मुकादम तिथे कानस घ्यायला आला. बोलता बोलता हिला लाकडाचं काम येतं हे त्याला कळलं आणि तो म्हणाला, "वाळलेली झाडं कापायला माणूस हवाय. वर्षभराचं काम आहे. बसडेपोच्या मागे एक झाड आडवं पडलंय. स्वतःची करवत घेऊन या, ते कापून दाखवा. जमलं तर काम तुमचं." महिनाअखेरीची तारीख ठरली. खिळ्यांच्या तराजूपासून सुटायची तेवढी एकच वाट तिला दिसत होती, आणि त्या वाटेवर ही करवत ठाण मांडून बसली होती.

मग सुधारणा सुरू झाल्या. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये सकाळपासून तिची खुडबुड चाले. साखळीचा एकेक दात तिने कानशीने घासला. साखळी जिच्यावरून फिरते त्या पट्टीची वाकडी कड सरळ केली. पेट्रोलची नळी दोन दिवसांत फुगली म्हणून ती बदलली, तर नवी नळी भोकात जाईना, म्हणून भोक मोठं केलं, तर तिथून पेट्रोल गळायला लागलं. एक दुरुस्त करावं तर दुसरं डोकं वर काढी. सायलेन्सर म्हणजे नुसता डबा होता. धूर बाहेर पडायला जेमतेम शिसपेन्सिलीएवढं भोक. ते तिने ड्रिलने वाढवलं तेव्हा कुठे करवतीच्या अंगात जरा जोर आला. पण धूर मोकळा झाला की इंजिनाला पेट्रोलही जास्त द्यावं लागतं, नाहीतर ते तापून जळतं. आणि पेट्रोल कमीजास्त करायच्या स्क्रूवर कंपनीने प्लास्टिकच्या टोप्या बसवलेल्या, गिऱ्हाइकाने हात लावू नये म्हणून. त्या टोप्या उपटताना तिने कंपनीच्या सात पिढ्यांची आठवण काढली.

हे सगळं आप्पा शेडच्या दारात खुर्ची टाकून बघत बसायचे.

आप्पांचं उभं आयुष्य पाण्याचे पंप आणि जनरेटर दुरुस्त करण्यात गेलं होतं. थोरली लहान असताना ते तिला मांडीवर घेऊन इंजिनांचे आवाज तोंडाने काढून दाखवत. "हे पोट भरलेलं," म्हणत आणि घशातून घोगरं, मध्येच अडखळणारं गुरगुरत. "आणि हे उपाशी," म्हणत आणि बारीक आवाजात किंचाळत. पेट्रोलमध्येच तेल मिसळून चालणाऱ्या छोट्या इंजिनांचं पेट्रोलने पोट भरलेलं असलं की ती रिकामी फिरताना थोडी अडखळतात, आणि काम अंगावर आलं की आपोआप सरळ होतात, हे तिला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. जेवताना बापलेक एकमेकांना इंजिनं ऐकवायचे आणि आई ताटं आपटायची.

आता आप्पांना कमी ऐकू यायचं. किती कमी, हे कुणी कधी विचारलं नाही, कारण घरात त्यावर एक ठरलेला विनोद होता. कामाचं सांगितलं की यांना ऐकू येत नाही, आणि खाण्याचं मनात आणलं तरी ऐकू येतं. आप्पाही त्यावर हसायचे. थोरली मान खाली घालून काम करता करता विचारायची, "आप्पा, सायलेन्सरचं भोक आणखी वाढवू का?" आणि ते म्हणायचे, "हो, संध्याकाळपर्यंत येईल." कोण येईल देव जाणे. तिने विचारणंच सोडून दिलं. मदत करायची नसेल तर नको, पण निदान टिंगल तरी करू नये, असं तिला वाटायचं, आणि तसं वाटून ती आणखी चिडायची.

खरा छळ स्क्रूने मांडला. सकाळी ती करवत सुरू करायची, कान लावून, पेट्रोल वाढवायला स्क्रू पाव फेरा ढिला करायची, आवाज हवा तसा घोगरा, अडखळता झाला की समाधानाने दुकानात जायची. दुसऱ्या दिवशी सकाळी दोरी ओढली की करवत पुन्हा किंचाळत उठायची. उपाशी. पुन्हा पाव फेरा. पुन्हा दुसऱ्या दिवशी तेच. स्वस्तातला कार्ब्युरेटर, दुसरं काय, असं म्हणत तिने तो सोडवून धुतला, आतली पातळ पडदी बदलली, पुन्हा बसवला. ढिम्म फरक नाही.

धाकटी लग्न होऊन गेली तेव्हा तिची नखं रंगवायची लाल बाटली फळीवर राहिली होती. थोरलीने स्क्रूच्या डोक्यावर लाल ठिपका दिला, फिरतोय का बघायला. दुसऱ्या दिवशी ठिपका सरकलेला. म्हणजे इंजिनाच्या हादऱ्याने स्क्रू आपोआप फिरतोय. चोर सापडल्याचा तिला इतका आनंद झाला की तिने आईला हाक मारून ठिपका दाखवला.

"बरं," आई म्हणाली. "आणि ती बाटली जागेवर ठेव."

तिने स्क्रूच्या आट्यांवर नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप गुंडाळून तो घट्ट बसवला. आता भूकंप झाला तरी हलणार नाही. झाड कापायच्या आदल्या दिवशी सकाळी आवाज अगदी पाहिजे तसा लागला होता. एक जाड फांदी तिने कापून पाहिली. लाकडात शिरताच करवतीचं अडखळणं थांबलं आणि भुसा भराभर बाहेर पडायला लागला. कितीतरी दिवसांनी थोरली शीळ घालत दुकानात गेली.

डेपोच्या मागे मुकादम आणि त्याची दोन माणसं आधीच येऊन उभी होती. त्यांतल्या एकाजवळ मोठी, महागातली करवत होती. तो पडलेल्या खोडावर पाय टेकवून तिच्याकडे बघत होता. थोरलीने चष्मा चढवला आणि दोरी ओढली. करवत किंचाळत उठली.

तिला लगेच कळलं. कळायचं काय त्यात, लहान मुलालाही कळलं असतं. तिने खिशात हात घातला. बारीक पेचकस नव्हता. काल तर याच खिशात ठेवला होता. पिशवी उलटीपालटी केली, तिथेही नाही. मुकादमाने घड्याळाकडे बघितलं. मोठ्या करवतीवाला गालातल्या गालात हसला की नुसताच जांभई देत होता कोण जाणे, पण तेवढ्याने तिचं डोकं फिरलं. घरी जाऊन पेचकस आणते म्हणायचं, या लोकांसमोर? छोटं तर खोड आहे, निभेल, असं स्वतःला सांगून तिने पट्टी लाकडावर टेकवली.

अर्ध्या खोडापर्यंत निभलं. मग आवाज आणखी बारीक झाला, जळकट वास आला आणि करवत लाकडात असतानाच एकदम गप्प झाली. तिने दोरी ओढली. दोरी तसूभरही येईना. पिस्टन आत चिकटला होता.

"होतं असं," मुकादम म्हणाला. तो ओरडला असता तर बरं झालं असतं. "स्वस्तातल्या मशीनचं हेच आहे ताई. चांगलं घ्या एखादं, मग बघू पुढे कधीतरी." मोठ्या करवतीवाल्याने दोन्ही बाजूंनी काप घेऊन तिची अडकलेली पट्टी मोकळी करून दिली आणि उरलेलं झाड बोलता बोलता कापून टाकलं. त्याला आभार मानावे लागले, हे तिला सगळ्यात जास्त लागलं.

घरी येऊन तिने करवत शेडमधल्या फळीवर आदळली आणि सायलेन्सर सोडवला. धुराच्या भोकातून आतला पिस्टन दिसत होता. त्याच्या अंगावर उभे ओरखडे उठले होते. मग तिने स्क्रू बघितला. टेपचा फाटका तुकडा बाहेर लोंबत होता, लाल ठिपका पाव फेऱ्याहूनही पुढे गेला होता. हादऱ्याने टेप फाटत नाही. टेप फाटायला पेचकस लागतो, आणि पेचकस धरायला हात लागतो.

आप्पा दारात येऊन उभे होते. तिने मागे न वळता विचारलं, "आप्पा, या स्क्रूला तुम्ही हात लावत होतात का?"

आप्पा दारातल्या खुर्चीवरची धूळ झटकत होते.

"आप्पा, मी काय विचारतेय?"

आईच स्वयंपाकघरातून बाहेर आली. "लावत होते की. रोज दुपारी तू दुकानात गेलीस की चालू करून बघत बसायचे. मला वाटलं तूच सांगून गेली असशील."

थोरली ताडकन उठून आप्पांच्या समोर उभी राहिली. "तुम्ही फिरवलात स्क्रू?"

आता आप्पांना कळलं. ते तिच्या तोंडाकडे बघत होते. "हो. थरथरत होतं गं फार. हातात धरलं की अडखळायचं. रोज घट्ट करायचो, तर रोज पुन्हा सैल. काल दुपारी टेपसकट पिळून बसवलं. आता कसं, अगदी गुळगुळीत." आणि त्यांनी खिशातून बारीक पेचकस काढून तिच्यापुढे धरला. "हा बाहेरच पडला होता तुझा. हरवशील म्हणून ठेवला. जमलं ना आज?"

तिच्या डोक्यात तिडीक गेली. महिनाभराची मेहनत, वर्षभराचं काम, त्या माणसाचं हसणं, सगळं एकदम वर आलं. "गुळगुळीत?" ती म्हणाली. "किंचाळत होतं ते, आप्पा. जीव जात असल्यासारखं किंचाळत होतं. रस्त्यापलीकडच्या लोकांना ऐकू गेलं असेल, आणि तुम्ही हातात धरून..."

ती मध्येच थांबली. आप्पा हसत होते. चुकीच्या जागी, घरातल्या त्या विनोदावर हसायचे तसं. तिला ते हसणं पहिल्यांदाच दिसलं. या माणसाने ती करवत महिनाभर रोज छातीशी धरून चालवली होती आणि तिचा आवाज एकदाही ऐकला नव्हता. कमी ऐकणं नव्हतंच हे. आणि आपण सगळे त्यावर हसत होतो, जेवताना, पाहुण्यांसमोरसुद्धा.

आप्पांचं लक्ष तिच्या मागे गेलं. फळीवर उघडी पडलेली करवत, आतल्या पिस्टनवरचे ओरखडे. ते वाकून बघत राहिले. इतकी वर्षं असे पिस्टन त्यांनी दुसऱ्यांच्या चुकांपायी बघितले होते. त्यांनी बोटाने ओरखडा चाचपला आणि त्यांचं हसू गेलं.

"आवाज कसा होता?" त्यांनी विचारलं.

थोरलीचा राग गेला नव्हता. काम गेलं ते गेलंच होतं. उद्या पुन्हा खिळे तोलायचे होते. तरी तिने तोंडाने आवाज काढून दाखवला, बारीक, लांबलचक. आप्पा तिच्या ओठांकडे बघत राहिले आणि त्यांनी मान हलवली. नाही कळलं.

तिने त्यांचा हात धरला. तेलाने काळवंडलेला तो पंजा स्वतःच्या गळ्यावर टेकवला आणि पुन्हा तोच आवाज काढला.

आप्पांनी डोळे मिटले. "उपाशी," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच उपाशी ठेवलं." हात मात्र त्यांनी काढला नाही. "आता पोट भरलेलं काढून दाखव."

थोरलीने घशातून गुरगुरायला सुरुवात केली. पण आवाज नीट निघेना. मध्येच तुटत होता, पुन्हा सुरू होत होता, तिचे डोळे भरून आले होते आणि श्वास पुरत नव्हता.

आप्पा डोळे मिटून, मान तिरकी करून, पंजाने ऐकत होते.

"हां," ते म्हणाले. "अडखळतंय. हे बरोबर आहे. असंच ठेव, आता स्क्रूला हात लावू नकोस."