पंधरा मिनिटांनी झोपणारं मीटर

चालू.

वायरमनच्या बायकोचं उबवणी मशीन दिवसातून दोन-तीनदा रुसायचं. कपाटाएवढी पेटी, पुढे काच, आत एकशे ऐंशी अंडी आणि त्यांना कोंबडीची ऊब देणारा हीटर. हा हीटर मध्येच थंड पडायचा आणि कुणी बघायला आलं की साळसूदपणे तापायला लागायचा. मागची अख्खी खेप अंड्यातच मेली. या खेपेचा आज विसावा दिवस. उद्या पिल्लं निघायची.

"ही खेप गेली ना," बायको म्हणाली, "तर मशीन भंगारात, आणि मी भावाच्या दुकानात पुड्या बांधायला."

भाऊ नेमका दारातच उभा. "ये की ताई, कधीपण ये. दाजींनाही आण. दुकानातला बल्ब बदलायचाय."

दाजींनी मेहुण्याकडे बघितलंच नाही. हीटरच्या दोन टोकांना मीटरचे चिमटे लावले आणि समोर स्टूल ओढलं. हीटर थंड पडताना आकडाही पडला, तर वीज वाटेत कुठेतरी तुटते. आकडा तसाच राहिला, तर हीटरच खराब. एवढंच बघायचं होतं. २३१. २२९. २३२. असले चोर त्याने वीस वर्षांत ढिगाने पकडले होते. एकदा तर एका लिफ्टच्या मशीनखोलीत सलग सात तास

बंद.

म्हणजे मीटर बंद. बॅटरी वाचावी म्हणून ते दर पंधरा मिनिटांनी आपणहून झोपतं. ज्या शहाण्याने ही सोय काढली, त्याच्या दाराशी असाच राखणीचा कुत्रा असो, असा आशीर्वाद वायरमनने दिला. चालू करताना पिवळं बटण दाबून धरलं की मीटर जागं राहतं, हे त्याला ठाऊक होतं. पण मीटर शिडीवरून पडलं त्या दिवशी पिवळं बटण आत गेलं, ते अजून बाहेर आलेलं नव्हतं.

चालू.

बटण दाब, पंधरा मिनिटं बघ, बटण दाब. तिसऱ्या फेरीला तो पाणी प्यायला उठला. परत येतो तर मीटर झोपलेलं, हीटर गार. त्याने झडप घालून बटण दाबलं. मीटर जागं झालं, आणि त्याच क्षणी हीटरही

बंद.

छे, हीटर चालू झाला. बंद झालं वायरमनचं डोकं.

"दोघं ठरवून करतायत," तो म्हणाला.

"मग तुम्हीपण एक गडी घ्या जोडीला," बायको म्हणाली आणि कोंड्याचं घमेलं घेऊन मागे गेली.

गडी पायातच घुटमळत होता. काळी कोंबडी. वायरमनने मीटर जमिनीवर ठेवलं, त्याचा पडदा उजळणाऱ्या दिव्याच्या बटणावर ओल्या पिठाचा ठिपका लावला आणि ठिपक्यात चार दाणे रोवले. काळीने टोचलं. दिवा लागला. पुन्हा टोचलं. विझला. कुठलंही बटण दाबलं की पंधरा मिनिटं नव्याने सुरू. मीटर टक्क जागं! दाणे संपले की पुन्हा रोवायचे, की झालं.

चालू. चालू. चालू.

तासभर तो स्टुलावर राजासारखा बसला. आकडा २३१.४. मेहुणा चक्कर मारून गेला.

"दाजी, कोंबडीला पगार किती?"

"तुझ्यापेक्षा जास्त काम करते ती."

बायको आली. तिने मीटरकडे बघितलंही नाही, सवयीने काचेला हात लावला.

"अहो, गार आहे."

"कसं असेल? हे बघ, दोनशे एकतीस पूर्णांक चार."

"मघाशी किती होतं?"

"तेवढंच. तासभर तेवढंच."

"आपल्या घरातली वीज? तासभर एकाच आकड्यावर? आणि वीस वर्षं तुम्ही वायरमन?"

वायरमन स्टुलावरून उतरला. आकड्याशेजारी एक बारीक खूण लुकलुकत होती. काळीची सुरुवातीचीच एक चोच चुकून शेजारच्या बटणावर पडली होती, आकडा गोठवायच्या. बाकी सगळ्या चोची अगदी बरोबर जागी.

त्याने ते बटण दाबलं.

०.०

शिवी ओठांवर आली आणि तिथेच विरली. हीटर अजून गारच होता. पहिल्यांदाच चोर पळाला नव्हता. पंधरा मिनिटं कशाला, दोन पुरेत! हीटर चालू-बंद करणाऱ्या रिलेपर्यंत वीज येत होती. रिलेच्या पुढे नाही. त्याने मेन स्विच पाडला, रिले चाचपला. एका स्क्रूखालची वायर बोटाने हलली. स्क्रू पाऊण फेरा आवळला, स्विच वर केला.

ऊब आली. दोघंही काचेला हात लावून उभी राहिली. काळीला मूठभर दाणे मिळाले. उरलेला दिवस हीटर एकदाही रुसला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो मशीनजवळच मीटरचं पिवळं बटण उकरत बसला होता, तेवढ्यात बारीक आवाज आला. झोपण्याआधी मीटर तस्संच ओरडतं.

"गप रे," म्हणत त्याने बटण दाबलं.

पुन्हा आवाज.

"गप म्हणतो ना!"

"अहो, कुणावर ओरडताय?" बायकोने मीटर उलटं करून दाखवलं. मागचं झाकण उघडं होतं, आत बॅटरीच नव्हती.

दोघांनी काचेकडे बघितलं.