पैलकाठाला दिलेला जाब

मी हलगी बोलतेय. आजवर दुसऱ्याच्या काड्यांनी बोलले. आज माझं स्वतःचं सांगायचं आहे, आणि ते गोड लागणार नाही.

मूळची मी शेळी, वऱ्हाडातली, पैनगंगेच्या पल्याडची. जमनाबाईच्या लग्नात तिच्या बापाने आंदण म्हणून मला दिलं आणि आम्ही दोघी नदी ओलांडून हिंगोलीकडच्या या गावात आलो. पल्याड इंग्रजाचा अंमल, अल्याड निजामाचा. जनावरं मात्र एकाच डोहाचं पाणी पीत. पुढे मी म्हातारी होऊन मेले. नामाजीने माझं कातडं साफ केलं, भिजवलं, लोखंडी कड्यावर ताणून बसवलं आणि मी हलगी झाले.

नामाजी एकटा जीव, राहायला गावकुसाबाहेर. माझा आवाज पाटलाच्या माजघरापर्यंत चालायचा, नामाजीचा पाय मात्र उंबऱ्याबाहेर थांबायचा. माणसांची ही रीत मला कधी पटली नाही.

एक रीत मात्र चांगली होती. जत्रेतल्या कुस्तीच्या फडात एका काठाचा गडी जिंकला की त्याची माणसं नदीवर येऊन पलीकडे हाळी देत आणि हरलेल्या काठाने हलगी वाजवून जाब द्यायचा. त्याची एक वेगळी चाल होती, जितीची. शेंबडं पोरसुद्धा ती ओळखायचं. हाळी रिकामी जाऊ देणं म्हणजे नामुष्की.

वऱ्हाडचा गडी जिंकला की जमनाबाई नारळ घेऊन सगळ्यांच्या आधी नदीवर हजर. सासू, यशोदाबाई, करवादायची, "भाकर आमची खाती अन् नारळ तिकडच्या पोराला?"

"पोरगं माह्या गावचं हाय, आत्याबाई. तुमचं जितलं तं तुमी फोडा. मी न्हाई म्हनती का?"

नवरा दगडोबा मिशीत हसायचा.

मग इंग्रज गेला. पल्याड तिरंगा लागला, अल्याड तो लावणं गुन्हा झालं. नदी ओलांडायच्या उतारावर निजामाचा नाका बसला, बंदुका आल्या. जमनाबाईचं माहेर एका दिवसात परदेश झालं. बाप वारला तेव्हा नाक्यावरच्यांनी तिला उताराला पाय लावू दिला नाही. निजामाशी लढणाऱ्यांच्या छावण्या पल्याड होत्या, त्यामुळे काठावरचा प्रत्येक आवाज नाक्याला इशारा वाटायचा. हाळ्या बंद पडल्या.

अठ्ठेचाळीसच्या श्रावणात एका दुपारी जमनाबाई धुणं धूत होती. समोरच्या काठावर तिचा भाऊ तातेराव आला आणि त्याने तोंडाशी हात धरून हाळी दिली.

"जमने, आपली पोरं जितली गं. विलायतेत."

"कंच्या फडात?"

"फड न्हाई. काठीनं चेंडू हानायचा खेळ. गोऱ्याला त्याच्याच घरी चार गोलांनी पाडला. वाशीमला रेडूवर ऐकून आलो. आपला झेंडा वर गेला."

असा खेळ जमनाबाईने जन्मात पाहिला नव्हता. चेंडू काठीने का मारायचा हेही तिला कळलं नाही. पण 'आपली' हा शब्द तिला बरोबर कळला. धुणं तसंच टाकून ती नामाजीच्या दारात आली.

"नामाजीदादा, जाब द्यायचा हाय."

"येडी झालीस का बाई? नाक्यावर बंदुका हायत."

"कुस्तीचीच चाल हाय. गाव सांगल की त्यायला. बापाच्या मातीला जाऊ देलं न्हाई मले. एवढं तरी पोचू दे तिकडं."

नामाजीने काड जाळून मला शेक दिला. श्रावणात माझं कातडं सैल पडतं, शेकल्याशिवाय आवाज निघत नाही. शेकता शेकता म्हणाला, "तुह्या भावाला सांग, फुढल्या खेपी कुस्ती जिता म्हनाव. चेंडूसाठी नामाजी वाजवून राहिला म्हनलं तं लोक हसतीन."

नदीवर जाऊन त्याने जितीची चाल धरली. पल्याड तातेरावाने पटका काढून वर फेकला. जमनाबाई ओल्या लुगड्याने माझ्या शेजारी उभी होती. तिची मान एवढी ताठ मी तिच्या लग्नातही पाहिली नव्हती.

नाक्यावरचे धावत आले. "छावणीला इशारा देऊन राहिला का रे?"

"न्हाई साहेब, कुस्तीची चाल हाय. गावाला इचारा."

त्यांनी व्यंकटराव पाटलाला आणलं. प्रत्येक फडात पुढच्या रांगेला बसणारा हा माणूस. 'वाजव नामाजी' हा हुकूमही त्याचाच असायचा. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग बंदुकांकडे.

"आपल्याला न्हाई ठाव," तो म्हणाला.

त्याच्या मागे अख्खं गाव उभं होतं. एकाचंही तोंड उघडलं नाही.

"म्या वाजवाया लावली, मला धरा," जमनाबाई ओरडली, तर दगडोबाने तिच्या तोंडावर हात दाबून तिला मागे ओढलं. चाल त्यालाही ठाऊक होती.

एकाने माझ्यात संगीन खुपसली. नामाजीला नदीच्या वळणावर नेलं. एक बार ऐकू आला. प्रेत पुराने नेलं.

महिन्याभरात भारताचं लष्कर आलं. नाका पळाला. ज्यांची दातखीळ बसली होती त्यांचे गळे मोकळे झाले, मिरवणूक ठरली. व्यंकटराव पांढरी टोपी घालून दारात आला. फाटकी झाले होते तरी जमनाबाईने मला घरी आणून ठेवलं होतं.

"हलगी दे, जमनाबाई. नवं कातडं चढवून घेतो. तुह्या देशाचं लष्कर आलं. आता तरी हास."

"देश माहा हाय, पाटील. हलगी नामाजीची हाय."

"गेला बिचारा. जितीची चाल त्याच्यासारखी कोनाला येती?"

"तवा तुमाला ती ठाव नव्हती," जमनाबाई म्हणाली आणि दार लावून घेतलं.

हिंगोलीहून वाजंत्र्यांचा भाड्याचा ताफा आणून मिरवणूक निघाली. लोक नाचले.

विलायतेत जिंकून आलेल्या त्या पोरांवर माझा राग नाही. जमनाबाईचाही नाही. अजूनही कोणी त्यांचा विषय काढला की तिचा चेहरा उजळतो, आणि लगेच ती खाली बघते. तो अभिमान तिला आता मोठ्याने मिरवता येत नाही. हे नुकसान कुठल्याच सरकारने मोजलेलं नाही.

तुमच्याकडे माझं एकच मागणं आहे. मला पुन्हा मढवू नका, हे भोक असंच राहू द्या. कोणी विचारलं तर सांगा, ती जितीची चाल होती, आणि ती सगळ्या गावाला ठाऊक होती.