धरलेलं हाड

डॉक्टर भिड्यांनी पट्टी उकलली आणि वास सुटला, तशी चिमाबाईनं लेकीचं तोंड आपल्याकडं वळवून धरलं. शालनला जखम दिसू नये, एवढंच तिच्या हातात उरलं होतं.

चौसष्ट सालच्या दिवाळीआधी कुरवंड्याच्या कड्यावर गवत कापताना शालन घसरली. गावातल्या जाणत्यानं नडगी बांधली, पण मोडलेलं हाड आत हलतच राहिलं. लोणावळ्याला आणलं, तेव्हा भिड्यांनी नडगीचा एक्स-रे फोटो उजेडाला धरला होता.

"घासून घासून दोन्ही टोकं गुळगुळीत झालीत, बाई. गुळगुळीत हाडावर नवं हाड धरत नाही. टोकं खरवडून खडबडीत करायची आणि मधे ताज्या हाडाची चीप बसवायची. पण पोरगी फार अशक्त आहे, तिच्या अंगातलं घेता येणार नाही."

"लिंपण धरावं म्हून आमी भिंतीला आदी टोचं मारतो, तसंच की," चिमाबाई म्हणाली. "चीप माज्यातली घ्या."

तिच्या कमरेतून हाड काढून शालनच्या नडगीत बसवलं. चिमाबाई लंगडत वाडीवर गेली, ती भेटेल त्याला लेक चालणार म्हणून सांगत. आणि आता, काही आठवड्यांनी, पू मांडीकडं चढत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाय गुडघ्यावरून काढावा लागला.

दुपारी चिमाबाई पाय मागायला आली. शेताच्या कडेला पुरायचा होता. फडक्यात गुंडाळलेला पाय भिड्यांनी स्वतःच आणून दिला, पण ते तिथंच घुटमळले.

"मी आत पाहिलं, बाई. वरच्या टोकाला तुमचं हाड धरलं होतं. चिमट्यानं ओढलं तरी सुटेना."

बाईला तेवढाच धीर, असं त्यांना वाटलं होतं. चिमाबाई फडक्याकडं बघत राहिली.

"म्हंजी अजून थोडं थांबलो असतो, तर..."

"नाही. विष रक्तात भिनलं असतं. पोर गेली असती."

"व्हय."

गाठोडं उराशी धरून ती दारापर्यंत गेली आणि वळली.

"शालनला ह्ये सांगू नका. धरलं न्हाई, असंच सांगा. आयेचं हाड वाया गेलं म्हून ती रडतिया, ते थांबंल कवातरी. धरलं व्हतं म्हटल्यावर न्हाई थांबायचं."

आतून शालननं हाक दिली. चिमाबाईनं गाठोडं दाराआड ठेवलं, हात लुगड्याला पुसले आणि आत गेली.