लोखंडी बैलाची पाठवणी

धोंडाबाई टेम्पोत चढल्या आणि लोखंडी शिल्पाच्या मानेभोवतीचा दोर सोडू लागल्या, तसा ड्रायव्हर समाधान धावत आला.

"मावशी, गाठ सोडू नका. हायवेला कलंडंल ते."

"दुसरा बांध. हे आमच्या गोठ्यातलं दावं हाय. जनावर विकलं तरी दावं देत नसतात."

त्यांच्या लेकीने, चैतालीने, कपाळाला हात लावला. वर्षभर खपून तिने हे घडवलं होतं: शिंगं बैलाची, छाती ट्रॅक्टरच्या इंजिनाची, पाठ माणसाची. पिंपळगावात कुणी त्याला नंदी म्हणे, कुणी भंगार. आता नाशिकच्या एका हॉटेलवाल्याने ते विकत घेतलं होतं आणि आईने ऐन वेळी घोळ घातला होता.

"आई, ते जनावर नाहीये."

"मग शिंगं कशाला लावलीस?"

समाधानने आपला दोर बांधला. धोंडाबाई दावं घरात ठेवून लिंबू घेऊन आल्या. इंजिन म्हटलं की चाकाखाली लिंबू हवंच. पण इंजिन शिल्पाचं आणि चाकं टेम्पोची. त्या जरा घुटमळल्या. शेवटी लिंबू टेम्पोच्या चाकाखाली ठेवलं आणि कुंकू इंजिनाला लावलं.

चैतालीला धास्ती वेगळीच होती. ती पाठ तिच्या वडिलांची होती. पुंजाराम हयात असताना तिने त्यांच्या उघड्या पाठीवर प्लास्टर थापून साचा काढला होता. पोळ्याच्या आधी ते गेले. आईला तिने हे सांगितलंच नव्हतं. कळलं तर ती शिल्प जागचं हलू देणार नाही, याची तिला खात्री होती.

धोंडाबाई शिल्पाच्या मागे गेल्या. खांद्याखाली एका जागी त्यांनी बोटांनी हळूच खाजवलं.

"इथं त्यांचा हात पोचायचा नाय."

चैताली टेम्पोजवळ सरकली.

"तुला कधी कळलं?"

"पहिल्याच दिवशी. म्हनलं, तूच सांगशील."

"मग उतरवू का? नको पाठवायला?"

"मला तरी कुठं कळतंय, बाई? ठेवावं वाटतं. अन् त्यांना असं अंगणात उन्हापावसात उभं केलेलं बघवत बी नाय."

त्या पुन्हा घरात गेल्या आणि दह्याची वाटी घेऊन आल्या. शिल्पाला त्यांनी दोन्ही बाजूंनी न्याहाळलं.

"हात केले नाहीस व्हय त्यांना?"

"नाही."

"मग दही कशावर ठेवू?"

चैतालीने आपला तळवा पुढे केला. धोंडाबाईंनी त्यावर दही ठेवलं आणि तिने ते खाईपर्यंत टेम्पो हलू दिला नाही.