इंग्रजीचा घनपाठ

पाठ म्हणणाऱ्याला मध्येच हटकायचं नाही, हा आमच्या घरचा नियम. आग लागो त्या नियमाला! माझा संसार गिळला त्यानं.

प्लेगच्या बऱ्याच आधीची गोष्ट, कल्याणातली. माझ्या सासऱ्यांना सगळे भाऊ म्हणायचे. घनपाठी वैदिक होते. वेदातले शब्द पुढे म्हणायचे, उलटे फिरवायचे, पुन्हा पुढे न्यायचे, तो घन. पण दक्षिणेवर घर चालेना, म्हणून एकुलत्या एका लेकाला त्यांनी ठाण्याच्या इंग्रजी शाळेत घातलं. अट एकच. इंग्रजीसुद्धा वेदांसारखीच पाठ करायची, आंघोळ करून, मांडी घालून, भाऊंच्या पुढ्यात. त्या भाषेतल्या काही क्रियापदांची भूतकाळातली रूपं कसल्याच नियमात बसत नाहीत म्हणे. घोकल्याशिवाय गत्यंतर नाही. मग रोज सकाळी आमच्याकडे "टेक, टुक, टेकन" आणि "गो, वेंट, गॉन" चालायचं. हे मला मागल्या दारी हळूच अर्थ सांगायचे. ऐकून ऐकून मलाही सगळं पाठ झालेलं.

म्याट्रिकची परीक्षा तोंडावर आली आणि यांना ताप भरला. तरी सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं पाठाला बसले. मी नेमकी बाजूला बसलेली, मागच्या पडवीत. कुणाला शिवायची सोय नाही. दारातून दिसत होतं तेवढंच. आधी सगळं सरळ चाललेलं. मग "टुक, टेक, टेक, टुक, टेकन, टेकन, टुक" असं मागेपुढे व्हायला लागलं. आवाज चिरका, डोळे भलतीकडेच. तापात बरळत होते हो!

आणि भाऊ? त्यांचा चेहरा उजळला. सासूबाईंना म्हणाले, "अगं, ऐकलंस का? इंग्रजीचा घन म्हणतोय आपला गुरुदत्त! रक्तातच आहे त्याच्या."

"सासूबाई, तो घन नाही, ते बरळताहेत! थांबवा त्यांना!" मी पडवीतून ओरडले.

"जीभ आवर," सासूबाई म्हणाल्या. "पाठ मोडू नये."

ऊन ओसरीवर येईपर्यंत हे म्हणत राहिले आणि भाऊ मान डोलवत राहिले. मग हे आडवे झाले ते पुन्हा उठलेच नाहीत. वैद्य म्हणाले, सकाळीच बोलवायला हवं होतं.

तेरावं झालं. माझं डोकं भादरलेलं, अंगावर विधवेचं लाल आलवण. भाऊ माझ्या कोपऱ्याशी आले. आजवर ते माझ्याशी कधी थेट बोलले नव्हते.

"मुली, तुला तेव्हाच कळलं होतं?"

"हो. ओरडले होते मी."

ते मटकन माझ्यासमोर जमिनीवर बसले. "मग मला हाताला धरून ओढलं का नाहीस गं?"

मला म्हणतात! ज्यांच्यापुढे मी कधी मान वर केली नव्हती, ते मला विचारतात, हाताला धरून ओढलं का नाहीस! असा संताप आला, वाटलं, सगळं तोंडावर बोलून टाकावं. पण एवढा मोठा माणूस हुंदके देत होता. मी पुढे झाले आणि त्यांचा हात धरला. आता धरून काय उपयोग होता?