परत गेली लाईट

"नमस्कार, लॅपटॉप मदत केंद्रात आपलं स्वागत आहे," हे वाक्य धाकटीने पुरतं म्हटलंही नव्हतं, तोच हेडफोनमधून आवाज आला, "माझा लॅपटॉप मेलाय!" तो आवाज तिने झोपेतसुद्धा ओळखला असता. तो तिच्या थोरल्या बहिणीचा होता.

दोघींनी वर्षभर एकमेकींशी बोलणं टाकलं होतं. कारण ऐकाल तर हसाल. धाकटीने हौसेने स्वयंपाकघर नवं करून घेतलं, दहा दुकानं पालथी घालून गडद हिरव्या फरशा निवडल्या, आणि थोरली दारात उभी राहून म्हणाली, "छान आहे गं, पण अंधार वाटतो." झालं! शब्दाने शब्द वाढला, जुनी मढी उकरली गेली, अगदी शाळेत असताना कोणी कोणाची छत्री हरवली इथपर्यंत मजल गेली. थोरली तणतणत निघून गेली आणि धाकटीने तिचा नंबर ब्लॉक करून टाकला. खरं सांगायचं तर तिला ताईची रोज आठवण यायची. फरशा पुसताना तर हमखास यायची. पण आधी बोलायचं कोणी? दोघींच्या नाकांची उंची एकच.

आणि आता हा फोन. लगेच "ताई!" म्हणावं, तर शेजारच्या खुर्चीत टीम लीडर दुसरा हेडफोन लावून बसलेला. आज धाकटीचे कॉल ऐकायचा त्याचा दिवस होता, आणि खाजगी बोलण्याचं तर त्याला वावडंच.

"क्षमस्व, मॅडम," धाकटी कशीबशी म्हणाली. "मेलाय म्हणजे नेमकं काय होतंय?"

थोरलीनेही ओळखलं होतं.

"काय होणार? बटण दाबलं तरी ढिम्म. काल छापखान्याचा मजकूर टाइप केला तेव्हा चांगला धडधाकट होता हो."

हो! थोरलीने धाकटीला जन्मात पहिल्यांदा "हो" लावलं होतं. धाकटीला हसूही आलं आणि रागही आला. बरं तर मग, तसं तर तसं.

"चार्जर लावलाय का, मॅडम?"

"लावलाय."

"लाईट येते का?"

"येते की. पंखा चालू आहे, फ्रिज चालू आहे."

टीम लीडरने कपाळावर हात मारला. "लाईट" म्हणायचं नाही, "छोटा दिवा" म्हणायचं, नाहीतर लोक घरातल्या विजेचा हवाला देतात, हे नव्या लोकांना पहिल्याच दिवशी बजावलं जायचं. बजावायची कोण, तर धाकटीच.

"घरातली नाही हो. लॅपटॉपला जिथे वायर लावता ना, तिथे कडेला एक छोटा दिवा आहे. तो लागलाय?"

"नाही."

"दुसऱ्या सॉकेटला लावून बघा."

खुर्ची सरकली, काहीतरी पडलं, कोणालातरी शिव्या बसल्या. "नाही."

"आता चार्जर काढा आणि चालू करायचं बटण तीस अंक मोजेपर्यंत दाबून धरा. आत अडकून राहिलेली वीज निघून जाते."

"मोजले."

"एवढ्यात?"

"मी भरभर मोजते."

"हळू मोजा, मॅडम. तुमची ही घाई लहानपणा—" टीम लीडरची मान वळली. "—लहान मुलांसारखी घाई करू नका, एवढंच म्हणायचं होतं."

"कळलं," थोरली फणकारली. पण या खेपेला मोजले मात्र सगळे, आणि तेही मोठ्याने. चार्जर पुन्हा लावला. दिवा काही लागला नाही.

"बरं. चार्जरच्या मधोमध काळा ठोकळा आहे बघा. भिंतीकडून येणारी वायर त्याच्यात खोचलेली असते. ती जरा आत दाबा."

"दाबली. अगंबाई, लागला! लागला दिवा!" पाठोपाठ लॅपटॉप चालू झाल्याची धून ऐकू आली. टीम लीडरने अंगठा वर केला. आता नेहमीचं शेवटचं वाक्य म्हणायचं आणि कॉल संपवायचा. धाकटीला एकदम भरून आलं. एवढ्या दिवसांनी आवाज ऐकला, आणि ऐकला तो काय, तर वायर आणि ठोकळा.

"आपल्याला आणखी काही मदत—"

"थांबा थांबा! परत गेली लाईट."

पुन्हा दाबायला सांगितलं. दिवा लागला. "आपल्याला आणखी—" परत गेली. पुन्हा दाबली, पुन्हा लागला, पुन्हा गेली. वायर खराब आहे, नवी पाठवू, असं टीम लीडर खुणेने सांगू लागला. पण धाकटीच्या कानांनी भलतंच टिपलं होतं. लाईट जायच्या आधी दर वेळी "चुक्" असा बारीक आवाज यायचा, आणि गेल्यावर थोरली खोकायची. थोरली थाप मारली की खोकते, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं, फक्त तिला स्वतःला सोडून.

"मॅडम," धाकटीने हळूच विचारलं, "वायर तुम्हीच काढताय का?"

पलीकडे वायर पुन्हा खोचल्याचा आवाज आला.

"हो," थोरली म्हणाली. "पहिल्यांदा खरंच सैल होती, तुझी शपथ. पण लाईट आली की तू फोन ठेवशील ना."

धाकटीच्या डोळ्यांना धार लागली.

"तुझ्या मोबाईलवर काही फोन लागत नाही," थोरलीचाही आवाज चिरकला. "म्हणून सकाळपासून इथेच लावतेय. दर वेळी कोणीतरी भलताच उचलतो, की मी ठेवून देते."

धाकटीने नाक ओढलं, घसा साफ केला आणि कामावरचा आवाज पुन्हा लावला. "मॅडम, हा बिघाड फोनवर निघण्यातला नाही. आमचा माणूस संध्याकाळी घरी येऊन बघेल."

"माणूस नको मला. तू ये."

"मीच येते, ताई."

कॉल संपला. टीम लीडरने हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि चष्म्यावरून तिच्याकडे बघितलं.

"घरी जाऊन बघायची सोय आपल्याकडे कधीपासून आहे?"

"आमच्याकडे पहिल्यापासून आहे, सर," धाकटी डोळे पुसत म्हणाली. "मध्ये वर्षभर बंद होती."